न घेतलेली करवत

आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी माझ्याकडे चार ओळी मागितल्या. वाचनखोलीच्या कोपऱ्यात काचेच्या पेटीत एक अर्धवट लाकडी बोट ठेवायची आहे, तिच्याखाली ती करणाऱ्या माणसाची माहिती हवी. मी म्हटलं, मला विशेष काही माहीत नाही. त्या म्हणाल्या, अहो, तुम्ही त्यांचे साडू ना? एकेचाळीस वर्षं साडू असलं की माणूस माहीत होतोच, असा त्यांचा समज दिसला. माझाही तसाच होता.

मिस्त्रींना कुठलं गाणं आवडायचं, लहानपणी ते कुणाला घाबरायचे, नोकरीचा पहिला दिवस कसा गेला, यातलं मला काहीही ठाऊक नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला माहीत आहे ते एवढंच, की शेवटची दोन वर्षं त्यांना टेबलावर मावेल अशी एक छोटी करवत हवी होती, ती निवडायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं, आणि ती त्यांना मिळाली नाही. हे चार ओळींत मावणार नाही. म्हणून वेगळं लिहितो आहे. मला लिहायची सवय नाही, तेव्हा इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्यावं.

ते पोलाद ओतायच्या कारखान्यात पॅटर्न करत. यंत्राचा जो भाग ओतायचा तो आधी लाकडात हुबेहूब करायचा, वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं पोलाद ओतायचं. त्यामुळे मिस्त्रींचं काम बाहेर कुणाला दिसायचं नाही. दिसायचं ते पोलाद. कारखान्यातले त्यांना मिस्त्री म्हणत, मग गल्लीतले म्हणू लागले आणि शेवटी त्यांची बायकोसुद्धा. ती माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही तिला ताई म्हणत आलो.

मी हत्यारांच्या दुकानात छत्तीस वर्षं काउंटरमागे उभा होतो. मला हत्यारं विकता येत, वापरता येत नसत. घरात खिळा ठोकायचा झाला तर माझी बायको हातोडी माझ्यापासून लांब ठेवी. लग्नाकार्यात कुणी आमची ओळख विचारली की मिस्त्री म्हणायचे, "आम्ही दोघं एकाच दुकानाची गिऱ्हाइकं. तक्रार करायची तर एकमेकांकडेच." त्यावर ताई ठरलेलं उत्तर देत, "विकलेला माल परत घेत नाहीत, हे आधीच सांगितलं होतं." हा विनोद मी एकेचाळीस वर्षांत किती वेळा ऐकला असेन! आमचं बोलणं बहुतेक त्याच्या पुढे जायचंच नाही.

सहा वर्षांपूर्वी माझी बायको गेली. त्यानंतर दर गुरुवारी दुपारी चार वाजता मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. तिसरा मजला, दाराशी पायपुसणं, दार लाकडाचं आणि फुगलेलं. मिस्त्रींनी जगाची दारं-खिडक्या नीट केल्या, पण स्वतःच्या घराच्या दाराला कधी रंधा मारला नाही. मागच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं बाक होतं आणि बाकावर ती बोट.

ती नदीवरची जुनी फेरीबोट. पूल होण्याआधी कामगारांना पलीकडच्या कारखान्यात तीच नेत असे. मिस्त्री तिच्यातून रोज दोनदा, अशी बावीस वर्षं गेले-आले. पूल झाल्यावर बोट काठावर ओढून ठेवली आणि पुढे तोडायला काढली. तोडायच्या आदल्या रविवारी मिस्त्री टेप आणि वही घेऊन तिथे गेले, फासळी न् फासळी मोजून आले. सगळं तीसपट लहान करायचं ठरवलं. सांगाडा झाला, फासळ्या बसल्या. आता त्यांच्यावर फळ्या चढवायच्या होत्या. फळी म्हणजे चार मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड लाकडाची पट्टी. अशा तीनशेच्या वर लागणार होत्या, आणि सगळ्या सारख्या. एक जाड, एक बारीक झाली की बोटीच्या पोटावर ते लगेच दिसतं.

या पट्ट्या ते पोलादी पट्टीला सुरी लावून एकेक कापत. दिवसाला दहा व्हायच्या, त्यातल्या सहा चालायच्या. पुढे चार चालू लागल्या. त्यांचा उजवा हात हलायला लागला होता. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत आणि तो स्थिर होईपर्यंत तोंडाला लावत नसत. मी अशा वेळी खिडकीबाहेर बघायचो.

एका गुरुवारी ते म्हणाले, "साडूभाऊ, तुमच्या दुकानात छोटी करवत येते ना, टेबलाच्या मधून पातं वर आलेली? मला एक निवडून द्या. यातलं तुम्हाला कळतं."

मला कळतं असं मला कुणी फारसं म्हटलेलं नव्हतं. मी त्याच आठवड्यात दुकानात गेलो. मी निवृत्त झाल्यापासून मालकाचा मुलगा दुकान बघतो, पन्नाशीचा गृहस्थ आहे, मला अजून काउंटरच्या आत येऊ देतो. चार माहितीपत्रकं घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो. त्या दिवशी आम्ही अडीच तास बोललो. पातं बशीएवढं पुरे की मोठं हवं, मोटार थेट की पट्ट्यावर चालणारी, भुसा ओढून घ्यायला मागे तोंड आहे का, पात्याच्या जाडीत किती लाकूड वाया जाईल. चार मिलिमीटरची पट्टी काढायची आणि तीन मिलिमीटर भुशात घालवायचे, हा कसला व्यवहार, असं ते म्हणाले. मी घरी आलो तेव्हा फार बरं वाटत होतं. बायको गेल्यापासून इतकं मी कुणाशी बोललो नव्हतो.

पुढच्या गुरुवारी निघताना ताईंनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी थांबवलं. हात पुसत पुसत, हळू आवाजात बोलल्या.

"भाऊजी, त्यांनी अडतीस वर्षं कारखान्यात काढली आणि दहाच्या दहा बोटं घरी घेऊन आले. आता या वयात, असल्या हातानं, घरात करवत नको. मी नाही म्हटलं तर ऐकायचे नाहीत. तुमचं ऐकतील."

मी म्हटलं, बघतो.

आणि खरंच मी बघत राहिलो. पहिल्या करवतीत पात्याभोवती फट मोठी होती, बारीक पट्टी तिच्यात पडून उडाली असती. हे खरं होतं. दुसरीची मोटार दुबळी, लाकूड कापण्याऐवजी जाळायची. हेही बरंचसं खरं होतं. तिसरीचा आवाज मोठा आहे, खालच्या मजल्यावरचे तक्रार करतील, असं मी सांगितलं. खालच्या मजल्यावर एक बहिरे आजोबा राहतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मिस्त्री "असं होय" म्हणाले आणि माहितीपत्रकाची घडी घालून ठेवून दिली. असं करत आठ-नऊ महिने गेले. मला वाटे, ताईंचा शब्द राखतो आहे. आज वाटतं, करवत एकदा घेतली की गुरुवारी बोलायचं कशावर, हीही भीती त्यात होती. किती होती ते सांगता येत नाही.

एकदाच ते थोडं सविस्तर बोलले. मीच विषय काढला होता, की आता हात पूर्वीसारखा राहिला नाही, तर मशीन धोक्याचं नाही का. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"हात हलतो म्हणूनच मशीन हवंय, साडूभाऊ. सुरी माझ्या हातावर चालते. मशीनमध्ये लाकूड पात्याशेजारच्या सरळ गाइडला टेकवायचं, मागून काठीनं सरकवायचं. हात हलला तरी लाकूड कुठं जातंय?"

हे मला माहीत नव्हतं असं नाही. छत्तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच समजावून सांगत होतो, जवळजवळ याच शब्दांत. तरी त्या दिवशी मी मान डोलावली आणि म्हटलं, तेही खरंच, पण बघू.

मग चौथी करवत आली. बिडाचं जड टेबल, पातं पातळ, फट नावालाच, गाइड दोन्ही बाजूंनी घट्ट बसणारा. मालकाच्या मुलानं फोन केला, काका, तुमच्या मिस्त्रींना घेऊन या, चालवून बघा. टाळता येईना. मिस्त्री धुतलेला शर्ट घालून आले होते. पिशवीत घरचं लाकूड होतं, दुकानातल्या लाकडावर त्यांचा विश्वास नव्हता.

मशीन सुरू केलं आणि त्यांनी पहिली पट्टी कापली. मी त्यांच्या हाताकडेच बघत होतो. लाकडाला टेकेपर्यंत हात हलत होता. काठीनं लाकूड सरकवायला लागले आणि पट्टी सरळ निघाली. एकामागून एक त्यांनी बारा पट्ट्या काढल्या. मालकाच्या मुलानं एक उचलून उजेडात धरली. मिस्त्रींचं तोंड त्या वेळी कसं दिसत होतं ते मला लिहिता येणार नाही. त्यांना हसताना दात दाखवायची सवय नव्हती.

मला माझा इलाज संपल्यासारखा वाटला. केवळ काहीतरी करायचं म्हणून मी म्हटलं, मशीनवर जे आकडे कोरलेत ते खरे आहेत का, तेवढं बघू. रुंद फळी घेऊन गाइड शंभर मिलिमीटरवर लावला आणि कापली. मग मिस्त्रींना म्हटलं, तुमची मोजायची पट्टी द्या. त्यांनी वरच्या खिशातून पोलादी पट्टी काढून दिली. मी फळीवर ठेवली. अठ्ठ्याण्णव.

पुन्हा ठेवली. अठ्ठ्याण्णवच. शंभराला दोन मिलिमीटर म्हणजे या कामात केवढी चूक! मी अंगठ्यानं जागा धरून सगळ्यांना दाखवलं. इतकी खात्री मला आयुष्यात क्वचितच वाटली असेल. मी म्हटलं, आकडेच खोटे असतील तर मशीन काय कामाचं. मालकाचा मुलगा वरमला, कंपनीकडे परत पाठवतो म्हणाला.

मिस्त्रींनी माझ्या हातातून पट्टी घेतली. तिच्या टोकाच्या भोकात लाल दोरा ओवलेला होता. तो त्यांनी बोटात धरला, माझ्याकडे पाहिलं, मग त्या मशीनकडे.

"दोन मिलिमीटर," ते म्हणाले. पट्टी खिशात घातली. "बरं."

त्यांनी बारा पट्ट्या सुतळीनं बांधून पिशवीत ठेवल्या. घरापर्यंत आम्ही चालत आलो. वाटेत ते पावसाबद्दल की कशाबद्दल तरी बोलले. ताईंनी दार उघडताच माझ्याकडे पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली आणि त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला मला ऐकू आला. मलाही हलकं वाटलं होतं. खोटं न बोलता काम झालं होतं.

त्या बारा पट्ट्या बोटीवर चढल्या. पेटीजवळ वाकून पाहिलंत तर डाव्या बाजूला, तळाजवळ दिसतील. बाकीच्यांपेक्षा त्या वेगळ्या आहेत, मला न कळणाऱ्यालाही कळतं.

पुढे मिस्त्री पुन्हा सुरीवर आले. तीन महिन्यांनी सुरी घसरली आणि डाव्या अंगठ्यात शिरली. सहा टाके पडले. ज्या बोटांसाठी आम्ही दोघांनी एवढं केलं, त्यातलं एक असं गेलं. म्हणजे गेलं नाही, पण पुढे ते नीट वाकलं नाही. ताईंनी घरातल्या सगळ्या धारदार सुऱ्या कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. मिस्त्री रागावले नाहीत. पॉलिश पेपर घेऊन डोलकाठी घासत बसायचे. मी गेलो की आधीच गुळगुळीत झालेली काठी ते मला हात लावून बघायला देत. बोटीचं पोट तसंच उघडं राहिलं.

मधल्या काळात कंपनीचं पत्र आलं, की मशीन तपासलं, आकडे बरोबर आहेत, तरीही बदलून नवीन पाठवत आहोत. मालकाच्या मुलानं मला ते वाचून दाखवलं. मी म्हटलं, कंपन्या असंच लिहितात. नवीन मशीन आलं आणि खोक्यासकट मांडणीच्या वरच्या फळीवर जाऊन बसलं. दुकानात गेलो की मला ते दिसायचं. मिस्त्रींना मी सांगितलं नाही. अंगठा बरा होऊ दे, म्हटलं. मग अंगठा बरा झाला, तरी सांगितलं नाही.

एका सोमवारी सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले.

दोन महिन्यांनी ताई म्हणाल्या, बोट घरात ठेवून काय करू, धूळ बसते आणि धूळ पुसायला गेलं की फासळी मोडेल अशी भीती वाटते. वाचनालयाला देऊ, पण काचेच्या पेटीत घालून. लाकडाची चौकट तयार करून घेतली. काचेची मापं मी घेतो म्हटलं. मिस्त्रींच्या बाकावरचीच पट्टी उचलली, चौकट मोजली, आकडे कागदावर लिहून काचवाल्याला दिले. काचा आल्या त्या सगळ्या लहान. लांब काच तर चौकटीतून आरपार गेली, बोटभर कमी. माझा पारा चढला. मी सहसा कुणाला बोलत नाही, पण त्याला बोललो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मग स्वतःची टेप काढली आणि मिस्त्रींच्या पट्टीशेजारी ठेवली.

"काका, काच तुमच्या कागदाप्रमाणेच आहे. पट्टी बघा."

मी पाहिलं. दोन्हींचं शून्य एकाच जागी होतं. पट्टीवरचे दहा टेपच्या दहाच्या थोडे पुढे, वीस आणखी पुढे. शेवटपर्यंत अंतर वाढत गेलेलं. पट्टीच्या भोकात लाल दोरा होता.

ताई बाजूलाच उभ्या होत्या. त्यांना यात नवल वाटलं नाही. "ती कारखान्याची पट्टी," त्या म्हणाल्या. "तापलेलं पोलाद निवताना आकसतं ना, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करायचा. त्यासाठी पट्टीवरच्या खुणाच थोड्या लांब मारलेल्या असतात. शंभराला दोन. घरची पट्टी साधी आहे, तिला दोरा नाही. दोन्ही वरच्या एकाच खिशात असायच्या त्यांच्या. एवढं तर मलाही माहीत आहे, भाऊजी."

काचवाला गेल्यावर मी त्यांना दुकानातली गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच सगळी सांगितली, लाल दोऱ्यासकट. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"म्हणजे मशीन बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि यांना कळलं होतं."

अडतीस वर्षं ती पट्टी वापरलेल्या माणसाला न कळून कसं चालेल? चुकून वेगळी पट्टी हातात आली असेल, हात हलत होता, खिसा एकच होता. पण दोरा बोटात धरल्यावर कळलं असणारच. तेवढं एक वाक्य ते बोलले असते तर मशीन त्याच दिवशी घरी आलं असतं. ते का बोलले नाहीत? चारचौघांत साडूला खोटं पाडू नये म्हणून? माझ्या तोंडावर आनंद दिसला म्हणून? की इतक्या वर्षांनी पट्टीच चुकली याची स्वतःला लाज वाटली? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. उत्तर सापडावं इतकी माझी त्यांच्याशी ओळख नव्हती.

"मीच तुम्हाला सांगितलं होतं," ताई म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही नको म्हणालात ते काळजीनं. मला तर मशीन माहीत होतं. त्या चहा ठेवायला आत गेल्या.

काचा मी साध्या पट्टीनं पुन्हा मोजून करून घेतल्या. ताईंनी लाल दोऱ्याची पट्टी मला देऊन टाकली. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. वरच्या फळीवरचं खोकं मध्यंतरी कुणीतरी विकत नेलं, म्हणजे तेही आता दिसत नाही.

ते गेले त्याच्या आधीच्या गुरुवारी मी नेहमीप्रमाणे गेलो होतो. त्यांनी डोलकाठी दाखवली, मी हात लावला, छान झाली म्हटलं. चहा झाला. मी निघालो तेव्हा ते उठून दारापर्यंत आले, एरवी येत नसत.

"दुकानात दुसरं काही आलंय का हो?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही," मी म्हणालो. "आलं की सांगतो."

"सांगा. घाई नाही." मग दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "जाताना जरा जोरात ओढा, अडतं ते."

"ओढतो," मी म्हणालो.